दादूस, ती पुसट रेघ खरी होती

दादूस, तुमच्या पेशी अजून जिवंत आहेत. हे तुम्हाला कसं सांगावं ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्यात आधी सांगून टाकते. डाव्या दंडावरून काढलेला तो तांदळाएवढा कातडीचा तुकडा, ज्याला तुम्ही 'चिमटाभर मी' म्हणायचात, त्याच्यापासून आम्ही वाढवलेल्या पेशी. तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले आणि गेल्या मंगळवारी प्रयोगशाळेत मी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. लांबट, पसरलेल्या, वाऱ्याने एका बाजूला कललेल्या गवतासारख्या. त्यातली एक मध्येच गोल झाली होती. दुभंगायच्या आधी पेशी अशी गोल होते. मी चहा घेतला, दोन मेल पाठवले, तासाभराने परत येऊन पाहिलं तर तिथे दोन होत्या.

वीस वर्षं मी या कामात आहे. पेशी दुभंगताना पाहणं हे माझ्यासाठी तुमच्या लेखी भरती-ओहोटी बघण्यासारखं रोजचं. पण त्या दिवशी मी खुर्चीत बसून राहिले. ज्या माणसाला मी त्याच्या खारी गावच्या स्मशानापर्यंत पोचवून आले, ज्याच्या दिवसांना जेवून आले, त्याचं काहीतरी माझ्यासमोर एकाचं दोन होत होतं, तेही कुणाला न विचारता. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बग, मी कामाला लागलोय, तू बसलीयस." मी तशी तिरसट बाई आहे, कामाच्या ठिकाणी डोळे पुसत नाही. त्या दिवशी पुसले.

आता सुरुवातीपासून बोलते, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि त्यात तुमची बाजू बरोबर निघाली आहे.

आम्ही दादर सोडून नवघरला राहायला आलो तेव्हा मला वाटलं होतं, इथे कुणाशी फार बोलायची वेळ येणार नाही. गुजराती शेजार, हिंदी बोलणारा वॉचमन, लिफ्टमध्ये मोबाइलमध्ये माना घातलेली माणसं. तळमजल्यावर तुम्ही. ही बिल्डिंग तुमच्या भाताच्या शेतावर उभी आहे, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत. "तुजं किचन हाय ना, तिथं आमचा उंबर होता," असं. जणू मी तो तोडला. सगळे तुम्हाला दादूस म्हणायचे, भाजीवाला भैयासुद्धा. मीही म्हणायला लागले आणि तुम्ही मला पोरी म्हणायला लागलात, मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते.

तुम्ही माझ्या कामात शिरलात ते एका कागदामुळे. झेरॉक्सवाल्याकडून मी मोठा रंगीत प्रिंट काढून आणला होता. लिफ्ट बंद, हातात दोन पिशव्या, कागद सुटला आणि तुमच्या दारासमोर उलगडून पडला. पांढऱ्यावर लाल, कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी एक गडद तिरकी पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना लहानमोठे लाल चौकोन. तुम्ही खाली वाकलात, चष्मा वर केलात आणि विचारलंत, "कुठल्या गावचा गटनकाशा ह्यो?"

माझ्या क्षेत्रातली माणसं या कागदाला संपर्क-नकाशा म्हणतात. तुम्ही त्याला शेवटपर्यंत गटनकाशाच म्हणालात आणि तुमचं फारसं चुकत नव्हतं.

तुमच्या दिवाणखान्यात बसून मी तुम्हाला तो समजावला होता, आठवतंय? मी म्हटलं, आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा दोन मीटर लांबीचा धागा असतो, म्हणजे तुम्ही दोन्ही हात पसरलेत तर त्याच्याहूनही थोडा जास्त. आणि तो राहतो केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या जागेत. गुंता न होता. तो कसा घडी घालून बसलाय ते कुठल्याही दुर्बिणीतून सबंध दिसत नाही. म्हणून आम्ही वेगळंच करतो. धागा आहे तसा जागच्या जागी चिकटवून टाकतो, मग कापतो आणि जे तुकडे एकमेकांच्या शेजारी आहेत त्यांची टोकं जोडून देतो. मग कोण कोणाला जोडलं गेलं ते मोजतो. लाखो पेशींत, कोट्यवधी जोड्या. धाग्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या जागा आडव्या मांडायच्या, त्याच जागा उभ्या मांडायच्या, आणि ज्या दोन जागा जास्त वेळा शेजारी सापडल्या तिथे गडद लाल. बास.

तुम्ही म्हणालात, "म्हंजे घर न बगता, कोन कोनाकडं चा प्यायला जातो त्याच्यावरनं गाव काडायचं."

मी पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत याहून वाईट उत्तर दिलं होतं.

मग मी चेकाळले. तुम्हाला प्रथिनांचंही सांगितलं, ज्यावर माझी उमेदीची वर्षं गेली. तीच युक्ती तिथेही चालते. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, ती स्वतःची स्वतः गोळा होऊन बसते, आणि कुठला मणी कुठल्या मण्याला टेकलाय एवढी यादी कळली की सबंध आकार काढता येतो. "सोताची सोता?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, हो, कुणी सांगत नाही, एका क्षणात. तुम्ही मान हलवत राहिलात. त्या दिवसापासून तुम्ही मला जिन्यात गाठून विचारायचात, "आज काय गोला झालं?"

पण तुमचं खरं मन बसलं ते त्या लाल चौकोनांवर. मी म्हटलं, चौकोनातल्या जागा आपापसांत भेटतात, पलीकडच्या चौकोनात सहसा जात नाहीत, मध्ये हद्द असते. तुम्ही लगेच म्हणालात, "बांध." तुमचं अर्धं आयुष्य मिठागरात आणि खारटाणातल्या शेतात गेलेलं. एका बांधाच्या अलीकडे गोडं पाणी, पलीकडे खाडीचं. बांधाला खांड पडली की खारं पाणी भातात, आणि सगळं पीक आडवं. "खांड कोन पाडत न्हाय," तुम्ही सांगितलं होतंत. "खांड पडते. एकादा खेकडा, एकादी भरती. सकाली उटून बगावं तं पडलेली असते."

हे बोलताना तुम्ही हात पुढे केला होतात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही हातांची, मुळापासून टोकापर्यंत जुळलेली आणि आखूड. मी ते पहिल्या दिवशीच पाहिलं होतं आणि शहरी सभ्यपणे नजर वळवली होती. तुम्ही म्हणालात, "बग ना. बगायला काय पैशे परतात?" मग त्या हाताची गोष्ट सांगितलीत.

तुमच्या आईला सातवा महिना होता. सूर्यग्रहण लागलं. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरू नये, कापू नये, एका जागी पडून राहावं, हे मला दादरमध्येही ऐकवलं होतं. तुमच्या आईने त्या दुपारी मोरलीवर, म्हणजे विळीवर, बोईट मासळी कापली. तुमच्या आजीने बाहेरून येऊन पाहिलं, आईने कबूलही केलं. दोन महिन्यांनी तुम्ही झालात, हे हात घेऊन. खारीत सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले. त्यानंतर तुमच्या आईला कुणाच्या ओटीभरणाला बोलावलं नाही. कुणाच्या हळदीत तिचा हात नवरीला लागू दिला नाही. बेचाळीस वर्षं ती हळदीच्या मांडवात मागे भांडी घासायला बसायची, आणि घरी आली की तुमचे हात धरून बसायची. तुम्ही हे सगळं कुणाची तरी जमीन कितीला गेली हे सांगावं तसं सांगितलंत, मग विचारलंत, "तुज्या त्या कागदात कलंल का, माज्या आईचं खरंच चुकलं का?"

मी विज्ञानवाली, ताडकन म्हणाले, ग्रहणाने असं काही होत नाही, दादूस, हे सगळं थोतांड आहे. तुम्ही म्हणालात, "न्हाय होत हे ठाव हाय. कशानं झालं ते सांग." थोतांड म्हणणं सोपं असतं, हे मला त्या वेळी कळलं. खरं उत्तर कुणी दिलेलं नव्हतं, म्हणून खोटं उत्तर सत्तर वर्षं टिकून राहिलं होतं.

आमच्याकडे जन्मतः हाताची ठेवण वेगळी असलेल्या घरांचा अभ्यास चालूच होता. तुम्ही आणि तुमची नात तन्वी दोघं आलात. तन्वीची बोटंही तशीच जुळलेली होती, तिची लहानपणी शस्त्रक्रिया झालीय. तुमची लेक, म्हणजे तिची आई, तिचेही हात तसेच होते, ती बिचारी हे बघायला राहिली नाही. तन्वीचं नुकतंच लग्न झालं होतं. संमतीपत्रावर तुम्ही त्या जुळल्या बोटांत पेन धरून माझ्यापेक्षा देखणी सही केलीत आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "उद्या हिला पोर झालं आन हात असंच निगालं, तं हिच्या माथी मारू नयेत. आईच्या मारलं तसं." तेव्हा मला कळलं की एवढा धडपडत वांद्र्यापलीकडे आमच्या प्रयोगशाळेपर्यंत तुम्ही का आलात.

जनुकांच्या तपासणीत काही निघालं नाही. सगळी जनुकं धडधाकट. मग मी तुमच्या पेशींचा संपर्क-नकाशा काढला. तुम्हाला उत्सुकता म्हणून हातांशी संबंध असलेल्या भागाचे दोन कच्चे प्रिंट दिले, एक तुमचा, एक ज्याचे हात नेहमीसारखे आहेत अशा एका माणसाचा, नाव न सांगता. तुम्ही चार दिवस ते दोन्ही कागद जमिनीवर अंथरून खिडकीच्या उजेडात बसला होतात. वॉचमन मला म्हणाला, "मॅडम, दादूस को क्या दे दिया आपने? टीव्ही भी नहीं देखते."

पाचव्या दिवशी तुम्ही वर आलात. मी तेव्हा माझ्या कामाच्या घाईत होते, तुमची शेवटची आकडेमोड करून झाली होती, नकाशा स्वच्छ दिसत होता आणि त्यात काही नव्हतं. तुम्ही तुमच्या कागदावर बोट ठेवलंत. "हितं बग. ही पुसट रेघ. दुसऱ्या कागदावर न्हाय. आन हितं, ह्या कोपऱ्यात, रंग हिकडनं तिकडं गेलाय. हितं बांध न्हाय."

मी म्हटलं, अशा पुसट रेघा कच्च्या नकाशात ढिगाने असतात. काही जागा वाचायला अवघड असतात, त्यांची मोजणी कमी भरते. म्हणून आम्ही प्रत्येक ओळ समान करून घेतो. सगळ्या जागा सारख्याच वेळा दिसायला हव्यात असं धरून जिथे कमी आहे तिथे वाढवतो, जिथे जास्त आहे तिथे कमी करतो. ते केलं की रेघा जातात. हे बघा, गेली.

तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंत. मग म्हणालात, "सगली खाचरं सारकी करून बगितली, तं पानी कुटं कमी हाय ते कसं कलंल?"

दादूस, हे वाक्य मी गेल्या पाच आठवड्यांत किती वेळा मनात म्हटलंय सांगता येणार नाही. त्या दिवशी मात्र मी म्हणाले, "दादूस, वीस वर्षं करतेय मी हे. तुम्हाला यातलं काय कळतं?"

तुम्ही चिडला नाहीत. "न्हाय कलत, बरोबर हाय," म्हणालात आणि दोन्ही कागदांची घडी घातलीत. जाताना माझ्या गॅसवरचं दूध उतू जातंय हेही सांगितलंत. मी अहवालात लिहिलं की काही आढळलं नाही. त्यानंतर आठ महिने आपण जिन्यात भेटत होतो, तुम्ही "आज काय गोला झालं?" विचारत होतात, मीही हसत होते, पण त्या रेघेचं नाव दोघांनीही काढलं नाही. मला वाटायचं, एकदा खाली जाऊन माफी मागावी. मग वाटायचं, रविवारी जाऊ. असे पस्तीसेक रविवार गेले.

मग एका सकाळी इंटरकॉम वाजला आणि वॉचमन म्हणाला, "मॅडम, नीचे आइए. दादूस नहीं रहे." बाकावर बसल्या बसल्या गेलात, हातात पेपर होता.

तुमचे दिवस झाल्यावर तन्वी वर आली. तुमच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत, माझ्या नावाने ठेवलेला कागद सापडला म्हणून. तोच कच्चा नकाशा. घड्या इतक्या वेळा उघडल्या-मिटल्या होत्या की दुमडीवर छेद पडला होता. तुम्ही त्यावर पेन्सिलने दोन खुणा केल्या होत्या. एक त्या रेघेवर. दुसरी जिथे रंग सांडला होता तिथे. आणि दोन्ही खुणा एका बारीक रेषेने जोडल्या होत्या. त्याच्या शेजारी एकच शब्द होता: खांड.

मी तो कागद टेबलावर उलगडून ठेवला. मला तुमच्या दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या ऐकू आल्या होत्या. रेघ वेगळी, सांडलेला रंग वेगळा, आणि दोन्हींना माझ्याकडे उत्तर होतं. तुम्ही त्या जोडल्या होत्या. दोन्ही एकाच जागी असतील तर उत्तर एकच असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण सोडून, मी कच्चे आकडे पुन्हा उघडले. समान करण्याच्या पायरीच्या आधीचे. त्या रेघेच्या जागी मोजणी निम्मी होती, जवळपास बरोबर निम्मी. प्रत्येक गुणसूत्राच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. निम्मी मोजणी म्हणजे एका प्रतीत तो तुकडाच नाही. आणि मी काय केलं होतं? जिथे निम्मं होतं तिथे आकडा दुप्पट करून ते बाकीच्यांसारखं दिसायला लावलं होतं. आमच्या कामात ही पायरी सगळे करतात, आंघोळीआधी कपडे काढावेत इतक्या सवयीने. ती करताना आपण काय पुसतोय याचा विचार मी कित्येक वर्षांत केला नव्हता.

जो तुकडा नाही, त्यात एकही जनुक नाही, म्हणूनच जनुकांच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. त्या तुकड्यात होती ती हद्द. तुमचा बांध. बांध नाही म्हणून एका चौकोनातली, हाताची वाढ सुरू करणारी कळ पलीकडच्या चौकोनातल्या भलत्याच जनुकाला जाऊन भेटत होती. ते जनुक एरवी तिथे, त्या वेळी गप्प असतं. तुमच्या बाबतीत ते जागं झालं, पोटात हाताचे पंजे घडत होते त्या थोड्या दिवसांत. मग बोटांच्या मधली जी जागा मोकळी व्हायची ती झाली नाही. एवढंच. दोन मीटरच्या धाग्यात केसाच्या जाडीहून कमी लांबीचा एक तुकडा नाही, तर दोन बोटं वेगळी होत नाहीत. आणि उलट बघितलं तर जास्त धडकी भरते. हजारो बांध जागच्या जागी असतात, प्रत्येक पेशीत, दर वेळी नव्याने घडी घालताना, म्हणून माझे हात हे असे हात आहेत. मी टाइप करणं थांबवून माझे हात पाहत बसले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मग मी माझ्या एकटीवर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या पद्धतीने, दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतलं. तन्वीचं रक्त आमच्याकडे आधीपासून होतंच. तिच्यातही तोच तुकडा नाही, अगदी त्याच दोन टोकांच्या मधला. आणि त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, दादूस. तुमच्या कातडीतही खांड आहे आणि तुमच्या लेकीतून नातीपर्यंत ती पोचलीही आहे. म्हणजे ती तुमच्या पहिल्या एक-दोन पेशींपासून तुमच्यात आहे. पंजे पहिल्या दोन महिन्यांतच घडून जातात. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं तेव्हा तुमची बोटं कधीची जुळून, नखं येऊन तयार होती. त्या दुपारी तुमच्या आईने अख्ख्या बाजारातली मासळी कापली असती तरी काही बदललं नसतं.

डॉक्टरांनी तन्वीला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून रीतसर सगळं समजावलं. मूल होईल तेव्हा निम्मी शक्यता, तपासणी करता येईल, नाही केली तरी हरकत नाही. तन्वी म्हणाली, "आजोबांसारखे हात आले तर येऊ देत ना, सही चांगली येईल." तिचा नवरा हसला. त्या घरात तुमच्या आईची गोष्ट पुन्हा घडणार नाही, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहून आले.

पण मला हे अजून एका माणसाला सांगायचं होतं. तुमच्या हिराबायला. खारीच्या जुन्या घरात तुमची ही थोरली बहीण आता एकटी असते, ऐंशीच्या आसपासची, ऐकायला कमी येतं, दिसायला मात्र सगळं दिसतं. मी तो कागद घेऊन गेले. पडवीत बसून, तुमच्याच शब्दांत, बांध आणि खांड असं सगळं सांगितलं. हिराबाय कागदावरून हात फिरवत होत्या.

"म्हंजे आईनी नव्हं झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही. आईचा काही संबंध नाही."

"मासली कापून पन न्हाय?"

"नाही, हिराबाय. कुणी काही कापून नाही."

त्या कागदाकडेच बघत राहिल्या. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा मोठ्याने सांगायला लागले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून थांबवलं.

"आईनी कापलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "मी कापली. आठ वर्साची व्हते. गिरान सुटेना, मना भूक लागलेली. आई निजली व्हती. मी मोरली घेतली. आजीचा आवाज आला तशी आई उटली, मना मागं ढकललं आन मोरली आपल्या पायाखाली घेतली. आजी म्हनली, कोनी कापली? आई म्हनली, मी."

मी त्यांच्या आणखी जवळ सरकले.

"मना मार पडू नये म्हनून. मंग बाला झाला, तुजा दादूस. सगली आईला बोलाया लागली. मी रोज म्हनायची, आज सांगन. आईनी मना एकदा पन बोल न्हाय लावला. ती मेली तवा पन न्हाय सांगितलं. बाला इचारायचा, आईला का बोलवत न्हाय? मी उटून आत जायची." कागद त्यांच्या मांडीवर तसाच होता. "मना वाटायचं, कापली मी, म्हनून त्याला लागलं. आईनी माजं अंगावर घेतलं, तं ते जाऊन त्याला लागलं."

दादूस, तुम्हाला हे माहीत होतं का? मला वाटतं नव्हतं. आणि मला वाटतं, असतं तरी तुम्ही हिराबायला काही म्हणाला नसतात, दूध उतू जातंय एवढंच म्हणून निघून गेला असतात. तुमची आई मात्र आता मला सारखी डोळ्यांसमोर येते. ग्रहणाची भीती तिलाही असणारच. पोटातल्या मुलाचं काय होईल ही धास्ती असताना तिने पोरीच्या हातातली मोरली स्वतःच्या पायाखाली ओढली. दोन मीटरचा धागा एवढ्याशा जागेत कसा मावतो हे मी समजावू शकते. त्या बाईत हे कसं मावलं ते मला समजावता येत नाही.

हिराबायने निघताना विचारलं, "तुज्या ह्या कागदावर गिरान दिसतं का कुटं?"

"ग्रहण? नाही," मी म्हटलं. "सगळीकडे शोधलं. कुठेच नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "बुदवारी बोईट आन."

तुम्हाला आठवत असेल, हिराबाय बोईटाला शिवत नसत. तुम्हीच मला सांगितलं होतंत, तिला खाज येते, लहानपणापासून, म्हणून घरात आणायची नाही. मी बुधवारी सकाळी बाजारात गेले. कोळीण साफ करून देत होती, मी नको म्हटलं. खारीला पोचले तर हिराबायने मोरली धुऊन पडवीत मांडून ठेवली होती. सूर्य चांगला डोक्यावर होता. त्यांनी पाय दुमडून मोरली धरली आणि सहाही मासे एकटीने कापले, मला हात लावू दिला नाही.

दोन वाट्या भात खाल्ला त्यांनी, दादूस. मी संध्याकाळपर्यंत थांबले. खाज आली नाही.